वरून दिसणारे गोल : माळावरच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळी संपली, आता सुरू करतोच. दोन वर्षं नुसतं बोलणं चाललंय. विषय असा की नागपूरच्या आसपास शिलावर्तुळं भरपूर आहेत, म्हणजे मोठमोठ्या दगडांचं गोल कडं, आत दगडगोट्यांचा भराव आणि त्याखाली माणूस पुरलेला, सोबत लोखंडी कुऱ्हाडी, मडकी, मणी. एकट्या जुनापाणीला ३०० च्या आसपास वर्तुळं आहेत. माहूरझरीला तर शां. भा. देव यांच्या उत्खननात घोडे पुरलेले निघाले, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेले. इकडे दक्षिणेला तेलंगणातही अशी दफनं जागोजाग, तिथले लोक त्यांना 'राकासी गुळ्ळू' म्हणतात, म्हणजे राक्षसांची देवळं. मधे कोण, तर आपण, नांदेडचा पूर्वेकडचा पट्टा. विदर्भात आहे, तेलंगणात आहे, मग मधल्या माळांवर का नसावं, एवढाच साधा प्रश्न.

भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, मामा माहूर तर आपलंच की, रेणुकामातेच्या दर्शनाला गेलो की बघून येऊ. अरे बाबा, माहूरझरी नागपूरजवळ, आपलं माहूर वेगळं.

ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत पुरातत्त्वाचे, त्यांना फोन केला. पहिलंच वाक्य, 'प्रागैतिहासिक म्हणू नका, लोहयुग आहे ते, महापाषाणयुगीन म्हणा.' दुसरं वाक्य, 'एक दगड हलवायचा नाही.' मान्य.

१७ नोव्हेंबर

आठवडाभर रात्री जेवण झालं की गूगल अर्थ. आधी जुनापाणी उघडून नुसतं बघत बसलो, कारण ओळखीचं वर्तुळ वरून कसं दिसतं हे डोळ्यात बसल्याशिवाय अनोळखी सापडणार नाही. मग आपल्याकडे वळलो आणि दोन दिवसांत २३ 'टेकाडं' मार्क केली, सगळी गोदावरीच्या खोऱ्यातली. खूश होऊन सरांना पाठवली तर सर हसले. म्हणे, ही सगळी पांढरी आहे.

मलाच लाज वाटली, खेड्यात वाढलेला माणूस मी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. शेकडो वर्षं लोक एका जागी राहिले, मातीची घरं पडली, त्यावर दुसरी उठली, राख-शेण-चुना साठत गेला की जमीन उंच होते आणि रंग पांढुरका होतो, उन्हाळ्यातल्या सॅटेलाइट फोटोत काळ्या रानात पिठाचा डाग पडल्यासारखी दिसते. तेर, भोकरदन, पैठण ही सगळी जुनी गावं अशाच टेकाडांत होती. त्यावर एखादी गढी असते, तिच्या भिंती विरघळल्या की तीही टेकाडच. म्हणजे आपल्याकडे टेकाड दिसलं तर तिथं बहुतेक जिवंत माणसं राहत होती, मेलेली नाही. इंग्लंडमधे टेकाड म्हणजे थडगं असं समीकरण चालतं, तिथलं वाचून वाचून मी तेच शोधत होतो.

२३ च्या २३ बाद. आता टेकाड नाही, गोल शोधायचा. काळ्या रानात नाही, मुरमाड माळावर.

२४ नोव्हेंबर

काल विधानसभेचा निकाल होता, फटाक्यांमुळे झोप नाही, म्हणून काम झालं.

माळच का, हे लिहून ठेवतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचं खाली खालचं वर, ती स्वतःलाच नांगरत असते. त्यात पुरलेल्या गोष्टीची कडा वरून काय दिसणार. युरोपात पिकांच्या रंगावरून खालचे खंदक ओळखतात, क्रॉफर्ड आणि केलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी १९२८ साली तसल्या विमानातल्या फोटोंचं अख्खं पुस्तक काढलं होतं, पण ती जमीन वेगळी. आपल्याकडे तसली युक्ती चाललीच तर उलटी चालेल. विदर्भातल्या वर्तुळांत मधे काळी चिकण माती भरलेली सापडते. म्हणजे मुरमाच्या माळावर जर काळ्या मातीचा बुडखा असेल तर तो पाणी धरून ठेवणार, आणि पावसाळा संपल्यावर आजूबाजूचं गवत पिवळं पडलं तरी मधलं हिरवं राहणार. दगडांचं कडं आणि आत हिरवा ठिपका, नोव्हेंबरच्या फोटोत. हे माझं मी काढलेलं, सरांना विचारलं तर 'बघा' एवढंच म्हणाले. सरांचं 'बघा' म्हणजे पासिंगचे मार्क.

सेंटिनेल या युरोपच्या उपग्रहाचे फुकट फोटो या कामाला उपयोगाचे नाहीत, १० मीटरचा एक पिक्सेल, अख्खं वर्तुळ एक-दोन ठिपक्यांत संपतं. गूगल अर्थच बरं, आणि त्यातली जुन्या तारखांची पट्टी मागेपुढे सरकवायची.

१ डिसेंबर

गोलांची यादी ४१ वर गेली. आता काटछाट.

जुन्या तारखा बघून १४ उडाले. एका वर्षी आहेत, पुढच्या वर्षी नाहीत, मग परत आहेत पण वीस फूट सरकून. ही खळी. मळणी यंत्र आल्यापासून खळं करतंय कोण असं मला वाटत होतं पण डोंगराकडच्या वाड्यातांड्यांवर अजून करतात, गोल जागा चोपून शेणाने सारवलेली, मधे मेढ, बैल फिरून फिरून कडेला गोल पट्टा पडतो. वरून हुबेहूब वर्तुळ. बुचाडांच्या जागा पण तशाच, कडबा उचलला की खाली गोल डाग राहतो.

मग अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी उपग्रहांचे फोटो, कोरोना, १९६० ते ७२ मधले, १९९५ साली खुले केलेले. कुणीतरी आधी स्कॅन करून घेतलेली फ्रेम असेल तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. आमची एक फ्रेम फुकट मिळाली, एक विकत घेतली, बायकोला अजून सांगितलेलं नाही. त्यात चांगल्यात चांगलं म्हणजे दोनेक मीटरपर्यंतचं दिसतं, धुरकट, पण फायदा हा की तेव्हा ट्रॅक्टर नव्हते, जेसीबी नव्हता, माळ माळ होता. त्यात जे नाही आणि आज आहे ते नंतरचं. याच्याने ९ गेले.

उरले १८.

८ डिसेंबर

मोटारसायकलवर सहा ठिकाणं. एक चुन्याची घाणी निघाली, गोल चर, दगडी चाक अजून तिथंच पडलेलं, शेजारी निजामाच्या वेळची एक पडकी इमारत, हिशोब जुळला. दोन जागी विहिरीतून काढलेल्या मुरमाचे ढीग, विहीर बुजली आणि ढीग राहिला. एक नुसतं दगड वेचून घातलेलं, शेतातले दगड लोक बांधावर टाकतात, हे झाडाभोवती टाकलं होतं, झाड मेलं.

कंधारकडच्या बाजूला एक जागा होती, तिथं वरून पाच-सहा लहान उंचवटे ओळीत दिसत होते, मी मनात लाडू फोडत गेलो. गेल्यावर कळलं की लिंगायत समाजाची दफनभूमी आहे, चालू. एक काका फुलं वाहत होते. त्यांना नमस्कार केला, खरं ते सांगितलं, ते काही बोलले नाहीत, नुसतं पाणी विचारलं. घरी येऊन ते ठिकाण यादीतून, मोबाईलमधून सगळीकडून काढून टाकलं. 'दफनं शोधतोय' हे वाक्य आपण फार सहज बोलतो.

सहावं ठिकाण चांगलं आहे. पैनगंगेच्या अलीकडे, गायरान, मुरमाचा पसरट माळ, खाली नाला. तीन गोल. गवत कमरेएवढं, त्यामुळे खालून काहीही कळत नाही, चालताना ठेच लागली तेव्हा दगड आहे हे समजलं. गावाचं नाव इथं लिहीत नाही आणि लिहिणारही नाही.

२२ डिसेंबर

पहिलं उड्डाण. ड्रोन भाच्याचा, अडीचशे ग्रॅमच्या आतला. नकाशावर ग्रीन झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणारा भाग, आहे बघून घेतलं, अभयारण्याची हद्द लांब आहे, १२० मीटरच्या वर जायचं नाही, आम्हाला ६० पुरतात. सरपंचांना फोन करून ठेवला होता, ते 'करा की' म्हणाले.

पहाटे चारला नांदेड सोडलं. सगळा खेळ उन्हाच्या तिरपेपणाचा आहे. सूर्य उगवून पाऊण-एक तास झाला की तो क्षितिजापासून दहाएक अंशावर असतो, तेव्हा एक फूट उंचीच्या दगडाची सावली साडेपाच फुटांच्या वर पडते. दुपारी तोच दगड वरून दिसतच नाही. पावणेआठपर्यंत जे मिळेल ते, नंतर गाशा गुंडाळायचा.

भाचा उडवत होता, मी छोट्या स्क्रीनवर वाकून. आधी नुसतं गवत, पिवळं. मग त्याने माळाच्या कडेला वळवून उन्हाच्या समोरून घेतलं आणि मधल्या गोलाच्या सावल्या एकदम उठल्या, अशा, जसं ताटात कुणी करंज्या मांडून ठेवल्यात. मी काही बोललो नाही. भाचाच म्हणाला, 'मामा, हे खळं नाही.' तेवढ्यात बॅटरी संपली, थंडीत ती अशीही लवकर उतरते. एकूण ३१२ फोटो.

एक मोटारसायकलवाला थांबला होता. 'काय उडवायलात सर? विम्याचं हाय का?' दुसरा म्हणे, 'न्हाय, रोडचं मोजायलेत.' आम्ही हसून सोडून दिलं. तिथं दहा मिनिटं थांबून बोलायला पाहिजे होतं.

२४ डिसेंबर

फोटो वेबओडीएममधे, म्हणजे ड्रोनच्या फोटोंतून नकाशा बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे टाकले, लॅपटॉप रात्रभर विमानासारखा वाजत होता. सकाळी उंचीचा नकाशा उघडला तर माझे हातपाय गार. अख्खा माळच एक घुमट! दोनशे मीटर रुंद, मधे साठ-सत्तर सेंटिमीटर उंच, सगळ्या बाजूंनी सारखा उतरता. एवढं मोठं मानवनिर्मित टेकाड? चहा तसाच गार झाला. सरांना फोटो, भाच्याला फोटो, एका मित्राला तर 'ब्रेकिंग' असं लिहून पाठवला.

दुपारी भाच्याचा मेसेज, त्याच्या कॉलेजच्या सीनियरला विचारून. फोटो सगळे सरळ खाली बघून काढले की लेन्सची बारीक चूक साचत जाते आणि सॉफ्टवेअर सपाट जमिनीला मधोमध फुगवून दाखवतं, डोमिंग म्हणतात त्याला. उपाय दोन, काही फोटो तिरपे काढायचे आणि जमिनीवर खुणा करून त्यांचं मोजमाप द्यायचं. थोडक्यात टेकाड माळावर नव्हतं, लेन्समधे होतं.

मित्राला 'ब्रेकिंग' मागे घेतो असं कळवलं. त्याने फक्त अंगठा पाठवला.

आणखी एक, हा नकाशा झुडपाचा शेंडा पण जमीनच समजतो. बोरीची गोल झुडपं इतकी सुंदर 'टेकाडं' दाखवतात की विचारू नका. प्रत्येक उंचवटा रंगीत फोटोशी ताडून बघायचा, हिरवा असेल तर बोर.

२९ डिसेंबर

जायचं होतं, पण गाडीवाला माळेगावच्या यात्रेला. सगळेच माळेगावला.

५ जानेवारी २०२५

दुसरं उड्डाण. आदल्या संध्याकाळी जाऊन फक्कीने पाच मोठ्या फुल्या मारल्या, माळाच्या चार कोपऱ्यांत चार आणि मधे मोकळ्या मुरमावर एक, गोलांपासून चांगलं अंतर ठेवून. फुलीफुलीतलं अंतर टेपने, चढउतार पाण्याच्या नळीने, जसं गवंडी लेव्हल काढतात. रात्री जवळच्या गावी मुक्काम, पहाटे परत. यावेळी तिरपे फोटो पण घेतले, दोन दिशांनी.

घरी येऊन प्रोसेस केलं. घुमट गेला! माळ जसा आहे तसा, नाल्याकडे हलका उतार. आणि आता खरी गंमत, तिन्ही गोल उंचीत पण दिसतात. कडेला दगडांची माळ, आत हलका फुगवटा, २० ते ३० सेंमी, अगदी मधे थोडं बसलेलं. सॉफ्टवेअरमधे नकाशावरचं ऊन आपल्याला पाहिजे त्या दिशेने फिरवता येतं, वायव्येकडून, पूर्वेकडून, सगळीकडून कडं राहतं. खोटी वस्तू असती तर एखाद्या दिशेला विरली असती.

हिरवा ठिपका? दोन गोलांत आहे, तिसऱ्यात नाही. गूगलच्या आधीच्या दोन नोव्हेंबरच्या फोटोंतही तसंच, दोनात आहे. हे मला फुगवट्यापेक्षा जास्त पटतं.

७ जानेवारी

संध्याकाळी सरपंचांचा फोन. आवाज बदललेला. 'सर, तुमी माळावर काय केलाव? लोक लय भडकलेत.'

काय तर रविवारी सकाळी बाया सरपणाला गेल्या, त्यांना माळावर पांढऱ्या फुल्या दिसल्या. पाच. मोकळ्या माळावर, अमावस्या होऊन आठवडा पण झाला नाही. वर काहींनी ड्रोन पाहिलेला. २०२४ च्या पावसाळ्यात जालना-बीडकडे रात्री ड्रोन फिरतात म्हणून केवढं भय पसरलं होतं ते इकडेही सगळ्यांना माहीत. दोन आणि दोन चार. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे गुप्तधन काढायलेत, कुणी म्हणे रस्त्यात जमीन जाणार.

चूक शंभर टक्के माझी. सरपंचाला फोन केला म्हणजे गावाला सांगितलं असं होत नाही, हे मी सांगायला पाहिजे का कुणी. येतो म्हणालो.

१२ जानेवारी

मारुतीच्या पारावर बसलो. पन्नासेक लोक. लॅपटॉपचं उन्हात काही दिसणार नाही म्हणून फोटो मोठ्या कागदावर छापून नेले होते, ही एकच अक्कल माझी. सुरुवातीला कुणी बोलेना. मी सांगितलं की ही अडीच हजार वर्षांच्या आसपासची जुनी थडगी असू शकतील, नसतीलही, नागपूरकडे अशी आहेत, त्यात सोनं-नाण्यांचे हंडे नसतात, लोखंड, मडकी आणि हाडं असतात. आणि असं काही सापडलं तरी १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वरची वस्तू जमिनीत मिळाली तर कलेक्टरला कळवावं लागतं. 'धा रुपये?' म्हणून एकजण हसला आणि मग सगळेच जरा सैल झाले.

मागे एक धनगर बाबा बसले होते, ऐंशीच्या पुढचे, घोंगडी, काठी. ते उठले, कागद काठीच्या टोकाने सरळ केला आणि उलटा धरलाय असं म्हणाले. खरंच उलटा होता, नाला वर आला होता. मग सुरू झाले.

'हे काय? हे माझ्या बापाचा वाडा. मेंढरं कोंडायचा. दुष्काळाच्या साली मोडला.' मी बहात्तरचा का विचारलं, 'हाव.' तो गोल माझ्या यादीत नंबर सात. 'हे तांड्यावाल्याचं खळं.' नंबर अकरा. 'हितं कोळसा पाडायचे.' नंबर बारा आणि तेरा, दोन्ही. 'हे तर काल-परवाचं, वन खात्यानं झाडाला आळं केलंतं, झाड जळालं.' महिनाभर रात्री जागून जे सुटलं नव्हतं ते या माणसाने चहा यायच्या आत निकालात काढलं. काठी कागदावर फिरत होती आणि मी पेनने फुल्या मारत होतो. (फुल्या! एक पोरगं फिसकन हसलं.)

मग काठी त्या तीन गोलांवर आली आणि थांबली.

'हे न्हाय ठावं.'

कुणी बांधलं, विचारलं. 'आमी पोरं असताना बी असंच होतं. आज्या म्हणायचा हितं मेंढरं बसवू नकोस. कामून, ते त्यालाबी ठावं नव्हतं.' एवढंच. बसले आणि बिडी पेटवली.

यादी: उरलेले ३. बाकी सगळं एका बाबांनी.

९ फेब्रुवारी

यावेळी सोबत गावातली चार पोरं आणि बाबांचा नातू. दगड न हलवता टेपने मोजणी. व्यास ११ मीटर, १४ मीटर, साडेचौदा मीटर. कड्याचे दगड काळे, गुडघ्याएवढे, काही जमिनीत निम्मे गेलेले. त्या माळाचा स्वतःचा दगड चिरफळणारा, मऊ. हे कड्याचे दगड कठीण आणि गोलसर, तसले खाली नाल्यात आहेत, पाऊण किलोमीटरवर. म्हणजे कुणीतरी वाहून आणलेत. मेंढरं कोंडायला माणूस पाऊण किलोमीटर उतरून असले धोंडे वर आणत नाही, हाताशी असलेले रचतो.

सरांना सगळं पाठवलं, फोटो, मापं, उंचीचा नकाशा. सरांचा फोन आला, अर्धा तास. 'संभाव्य' हा शब्द प्रत्येक ओळीत घाला म्हणाले. ज्या गोलात हिरवा ठिपका नाही त्याला आणखी एक पायरी खाली ठेवा म्हणाले. पटलं. पुरातत्त्व खात्याला द्यायचा अर्ज त्यांनी स्वतः तपासून दिला, नकाशा वेगळ्या बंद पाकिटात. खरं काय ते उत्खनन झालं तरच कळणार आणि ते आमचं काम नाही.

१६ मार्च

होळीनंतर माळावर वणवा लागून गेला असं नातवाने फोनवर सांगितलं, म्हणून गेलो. गवत जळून गेल्यावर काळ्याशार माळावर तिन्ही कडी उघडी, ड्रोनची गरजच नाही, उभ्याने दिसतात. नातू पुढे, आम्ही मागे. मधल्या वर्तुळाला तर कड्याच्या आत अजून एक बारीक कडं आहे, ते फोटोत कुठेच आलं नव्हतं. परत मोजायला लागणार.

मग नातू म्हणाला, 'सर, एक दाखवायचं हाय, रागावू नका.'

पोटात गोळा आला. माळाच्या कोपऱ्यात नेलं. खड्डा. कमरेएवढा, कुदळीचे घाव स्पष्ट, मुरमाचा ढीग बाजूला. पुढे दुसरा. मग तिसरा. मी फोन काढून आमचा नकाशा उघडला आणि बघत राहिलो. पाच खड्डे, चार कोपऱ्यांत चार आणि मधे मोकळ्या मुरमावर एक.

बरोब्बर आमच्या फक्कीच्या फुल्यांवर.

वर्तुळांना कुणी हात लावलेला नाही. भाचा खाली बसून हसायला लागला, नातूही, आणि मग मीही. मधला खड्डा तर खाली कडक मुरूम लागला तरी आणखी हातभर नेलाय, काय मेहनत घेतलीय बिचाऱ्यांनी. कोण असेल ते नातवाला माहीत असावं असा माझा अंदाज, मी विचारलं नाही.

दुपारपर्यंत पाचही बुजवले, फावडं त्याच्याच घरचं. सरपंचांना सांगितलं, अर्जाला जोडायला खड्ड्यांचे फोटो घेतले. पुढच्या वेळेपासून फक्की बंद. भाच्याने वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचे तुकडे आणायचं कबूल केलंय, पांढरी बाजू वर करून अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि उडवून झालं की गुंडाळून परत न्यायचे.